सांत्वनाची सेवा आणि लेखणी

घरात मृत्यू झाला की माणसे भेटायला येतात आणि काय बोलावे ते न सुचून ठरलेली वाक्ये बोलून जातात: देवाची इच्छा होती, सुटला बिचारा, आता तुम्हीच खंबीर व्हायला हवे. हेतू चांगला असतो, पण ऐकणाऱ्याला आपले दुःख गिळावे लागते. ख्रिस्ती मंडळीत सांत्वन ही सेवा मानली जाते आणि लेखन हा त्या सेवेचा फार जुना मार्ग आहे. मात्र ते लेखनही अशाच ठरीव वाक्यांत अडकले तर सेवा कसली? दुःखिताला आपले दुःख बोलता येईल अशी भाषा मिळवून देणे हे या लेखनाचे पहिले काम आहे. समजूत घालण्याची पाळी त्यानंतर येते.

पवित्र शास्त्राने हा धडा स्पष्ट दिला आहे. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि त्यांनी अवाक्षर काढले नाही. तेवढेच त्यांचे खरे सांत्वन. तोंड उघडताच त्यांनी पापाचा आणि शिक्षेचा हिशेब मांडायला घेतला. शेवटी देव ईयोबालाही खडसावतो, पण त्याचा राग पेटतो तो देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या त्या मित्रांवर. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी कितीतरी निव्वळ गाऱ्हाणी आहेत. ८८वे स्तोत्र तर अंधारातच संपते आणि त्याला आशेचे शेपूट जोडावे असे कोणाला वाटले नाही.

‘विलापगीत’ या पुस्तकाची रचना मला विशेष विचारात पाडते. इ. स. पू. ५८६च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम धुळीला मिळवले, मंदिर जाळले. त्या नाशावरच्या या पाच कविता आहेत आणि त्यांतल्या पहिल्या चार इब्री वर्णमालेतल्या २२ अक्षरांच्या क्रमाने बांधलेल्या आहेत. जिथे काहीच जागेवर उरले नव्हते, तिथे कवीने आक्रोशाला निदान अक्षरांचा क्रम दिला. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत रडून घ्यायचे, मधले काही गाळायचे नाही. आशेचा सूर उमटतो तो तिसऱ्या कवितेत, पुस्तकाच्या मध्यावर. पाचव्या कवितेत ओळी तेवढ्याच असतात, पण अक्षरांचा क्रम सुटतो आणि पुस्तक धास्तावलेल्या मनानेच संपते. इतक्या प्रामाणिक लेखनावर दुःखी माणूस विश्वास ठेवू शकतो.

मराठी ख्रिस्ती साहित्याने ही वाट लवकर धरली. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली आले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून त्याची नोंद होते. यमुना प्रवासात विधवांच्या कहाण्या ऐकत जाते, आणि ज्यांचे ऐकून घ्यायला कोणी नव्हते त्यांचे दुःख छापील पानावर येते. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली तेव्हा त्यांना कोणाला उपदेश करायचा नव्हता. १८९५ साली त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. ती ताटातूट लक्ष्मीबाईंनी घरगुती मराठीत, स्वतःला किंवा कोणालाही न झाकता सांगितली. १९१९मध्ये टिळक गेले तेव्हा अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केले.

पण लेखणीने केलेल्या सेवेचे सर्वांत मोठे मराठी उदाहरण केडगावला घडले. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले होते. पती लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पटकीने गेले. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी उपाशी, निराधार मुली आणल्या आणि केडगावचे त्यांचे मुक्ती मिशन वाढले. पुढे, पंचेचाळिशी उलटल्यावर, त्यांनी इब्री आणि ग्रीकचा अभ्यास करून सबंध पवित्र शास्त्र मराठीत आणायला घेतले. मराठी भाषांतर आधीपासून होतेच. रमाबाईंच्या डोळ्यांपुढे होती ती नुकतीच अक्षरओळख झालेली बाई, जिला जड भाषेत सांगितलेले सांत्वन पोचतच नाही.

छापखाना तिथलाच आणि त्यात राबणाऱ्या स्त्रियाही तिथल्याच. खिळ्यावरचे अक्षर उलटे असते. ते ओळखायचे, काना-वेलांटी जपत ओळ जुळवायची, कच्चे मुद्रित काढायचे, चुका दुरुस्त करून पुन्हा छापायचे. दुष्काळात जिला कोणी विचारले नाही, अशा एखादीच्या बोटांनी विलापगीताच्या ओळी जुळल्या असतील. तिथे सांत्वन घेणारी आणि देणारी एकच होती. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीला पौल हेच सांगतो: आपल्याला मिळालेले सांत्वन दुसऱ्या पीडितापर्यंत पोचवण्यासाठी असते. १९२१मध्ये रमाबाईंची लेक मनोरमा गेली, १९२२मध्ये त्या स्वतः गेल्या आणि १९२४मध्ये ते शास्त्र सबंध प्रसिद्ध झाले.

यावर एक रास्त आक्षेप आहे. दुःखी माणूस हळवा झालेला असतो, मग हे सांत्वन धर्मांतराचे साधन होत नाही का? रमाबाईंच्याच शारदा सदन या संस्थेवरून १८९३मध्ये हाच वाद पेटला आणि रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले. हा प्रश्न आम्ही ख्रिस्ती लेखकांनी टाळू नये. बदल्यात काही मागणारे सांत्वन हा सौदा असतो. येशू लाजाराच्या कबरेपाशी रडला, तेव्हा त्याने लाजाराच्या बहिणी मार्था आणि मरिया यांच्याकडून कसली किंमत मागितली नव्हती.

म्हणून आज मंडळीच्या मासिकात लिहिणाऱ्यांना, आजाऱ्याला पत्र पाठवणाऱ्या पाळकांना आणि शोकसभेचे टिपण करणाऱ्या प्रत्येकाला माझे आग्रहाचे सांगणे आहे. आधी ऐका. कोणाचे दुःख विचारल्याशिवाय प्रवचनाचा दाखला म्हणून वापरू नका. गेलेल्याचे नाव लिहा, त्याची एखादी खरी आठवण लिहा. ‘का’ या प्रश्नाचे उत्तर नसेल तर बनवून देऊ नका. आणि महिन्याने, जेव्हा भेटायला येणारी माणसे थांबतात, तेव्हा दुसरे पत्र लिहा. ही सेवा करायला दीक्षा लागत नाही, प्रतिभाही लागत नाही. चिकाटी मात्र लागते, आणि ती आपण देणे लागतो.