नारळ आणि श्रीफळ

संघाच्या प्रशिक्षकाला काढलं की आपली क्रीडापानं म्हणतात, त्याला नारळ दिला. सत्कारात शालीबरोबर देतात तोही नारळच, फक्त तिथे त्याला श्रीफळ म्हणायचं. दुसऱ्या भाषेत नेताना यातलं एक काहीतरी हातातून निसटतं, हा माझा धंद्यातला जुना त्रास. लेस्टर सिटी या इंग्लिश फुटबॉल क्लबने २०१७च्या फेब्रुवारीत क्लाउडिओ रानिएरींना नारळ दिला आणि चार दिवसांनी चाहत्यांनी श्रीफळ.

२०१५-१६च्या मोसमाआधी सट्टेवाल्यांनी लेस्टरच्या विजेतेपदाला एकास पाच हजारांचा भाव दिला होता. रानिएरींच्या हाताखाली संघ ते जिंकला. पुढच्या मोसमात घसरण लागली. २०१७ उजाडल्यापासून लीगमध्ये एक गोल नाही, सलग पाच पराभव, खालच्या श्रेणीत ढकललं जाण्याच्या रेषेवर जेमतेम एक गुण. २३ फेब्रुवारीला क्लबने त्यांना काढलं. भावना कितीही उत्कट असली तरी क्लबचं दीर्घकालीन हित तिच्यावर ठेवणं आमचं कर्तव्य आहे, असा निवेदनाचा सूर होता. लेस्टरचे जुने खेळाडू गॅरी लिनेकर म्हणाले, डोळ्यांत पाणी आलं. मँचेस्टर युनायटेडचे जोझे मोरिन्यो रानिएरींची आद्याक्षरं शर्टावर घालून पत्रकारांसमोर बसले. क्लब कृतघ्न ठरला.

हा आरोप मला वाटतो तितका सोपा नाही. उपकाराबद्दल बोलताना आपली भाषा सावकारी पेढीवर जाऊन बसते: ऋण, उतराई होणं, पांग फेडणं. या भाषेत विचारलं तर एका विजेतेपदापोटी किती पराभव सोसायचे? पाच? दहा? खालच्या श्रेणीत जाईपर्यंत? आणि फेडणार कोण? खाली गेलेल्या क्लबचं टीव्हीचं उत्पन्न आटतं, आणि त्याची झळ कचेरीतल्या, स्वयंपाकघरातल्या लोकांनाही बसू शकते, ज्यांना कोणी विचारलेलं नसतं. दुसऱ्याच्या ताटातलं उचलून आपली कृतज्ञता वाढायची, हे काही खरं नाही. इथवर मी क्लबच्या बाजूने आहे.

पुढचं पटत नाही. २७ फेब्रुवारीला जवळपास त्याच खेळाडूंनी लिव्हरपूलला ३-१ हरवलं आणि मोसमाअखेर संघ बारावा आला. मग काय, निर्णय बरोबरच होता! पण फळला म्हणून निर्णय न्याय्य होत नाही. उलट त्या विजयाने जखम जास्त चिघळते. खेळाडूंनीच मालकांचे कान भरले अशी कुजबुज होती. त्यांनी ती नाकारली. तरी चार दिवसांपूर्वी न धावणारे पाय आज असे कसे धावतात, हा प्रश्न प्रत्येक गोलाबरोबर उभा राहणारच. टाळ्या वाजवताना तो गिळावा लागतो.

'कृतज्ञ' या शब्दात मात्र फेडण्याचं नावच नाही. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. केलेलं जाणतो तो कृतज्ञ. त्याने पुढे काय द्यावं याबद्दल शब्द गप्प आहे. एखाद्याला काढावं लागलं तरी त्याने केलेलं जाणता येतं, आणि त्याला ठेवूनही ते विसरता येतं. दहा महिन्यांच्या आत काढताना क्लबने ते किती जाणलं, हे मला निवेदनावरून कळत नाही. त्यात आभार होते. आभार मानणं सोपं असतं.

त्या रात्री चाहत्यांनी सामन्याचं ६५वं मिनिट निवडलं, कारण रानिएरी ६५ वर्षांचे होते. प्रेक्षागारात मोबाइलचे दिवे लागले, त्यांच्या नावाचा गजर झाला. गुणफलक होता ३-०. गोलांवर नाचायचं आणि मग गहिवरायचं, याला कोणी ढोंग म्हणेल. मला त्यांनी काही लपवलेलं दिसत नाही. रानिएरींशिवाय संघ जिंकावा असं त्यांना मनापासून वाटत होतं आणि रानिएरी तिथे नाहीत हेही सलत होतं. जमाखर्चात या दोन नोंदी एकमेकींना खोडल्या असत्या. तिथे त्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, आणि तीन मिनिटांनी लिव्हरपूलचा गोल झाला.