इंजिनाचे ऋण

दसऱ्याच्या दिवशी आमच्या घरी एक वाद ठरलेला असतो. पाटावर पूजेला काय काय मांडायचे? विळी, अडकित्ता, मुलांची कंपासपेटी, माझे पेन, पत्नीची शिवणाची कात्री, यांबद्दल मतभेद नाही. परंतु गोठ्याच्या कोपऱ्यात आजोबांची तिफण उभी आहे. तिचा फण मोडला त्याला किती वर्षे झाली, कोणी मोजलेले नाही. तिला फूल वाहायचे की नाही? आई म्हणते, वाहायचे. पत्नी म्हणते, ते आता अवजार राहिले नाही, सरपण झाले आहे. मला दोघींचेही पटते. आणि शहाण्या माणसाप्रमाणे मी गप्प बसतो.

यंदा मात्र त्या तिफणीने माझा पिच्छा सोडला नाही. त्याला कारण आमची बंद पडलेली गाडी.

कारंज्यावरून जाणारी 'शकुंतला' आता धावत नाही. अडीच फूट रुंदीचा तो मार्ग. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला, 113 किलोमीटर, आणि दुसरा अचलपूरला, 76 किलोमीटर. किलिक निक्सन या विलायती पेढीच्या कंपनीने तो 1910 नंतरच्या दशकात घातला, तो काही वऱ्हाडच्या लोकांना सासरी-माहेरी जाता यावे म्हणून नव्हे. कारंज्याचा कापसाचा बाजार 1886 पासूनचा. येथला कापूस लहान गाडीने मूर्तिजापूरला, तेथून मोठ्या गाडीने मुंबईला आणि बोटीने इंग्लंडातल्या गिरण्यांना जायचा. गंमत अशी, की ही गाडी ओढणारे इंजिनही 1921 साली मँचेस्टरलाच घडलेले. सावकाराने वसुलीसाठी स्वतःचीच बैलगाडी पाठवावी, तसा हा प्रकार झाला. पुढे स्वराज्य आले, देशातल्या आगगाड्या राष्ट्राच्या झाल्या. ह्या मार्गाची मालकी तेवढी कंपनीकडेच राहिली.

इंजिनाचे घर मूर्तिजापूरच्या शेडमध्ये. प्रवाशाला गाडी दिसते, शेड दिसत नाही. वाफेच्या इंजिनाला किल्ली फिरवून चालू करता येत नाही. थंड बॉयलरने वाफ धरायला कित्येक तास लागतात. तेव्हा सकाळच्या गाडीसाठी शेडमध्ये अपरात्रीच आग घालावी लागते. गाडी परत आली की जाळीखालची राख खड्ड्यात पाडायची, धुराच्या पेटीतली काजळी उपसायची, नळ्या झाडायच्या, सांध्यांना तेल द्यायचे. ठरावीक दिवसांनी बॉयलर धुवायचा, नाही तर चहाच्या किटलीत बसतो तसा पाण्यातला क्षार आत थरावर थर बसतो. तासाला वीसेक किलोमीटर चालणाऱ्या ह्या गजगामिनीची सेवा बाळंतिणीसारखी करावी लागे. 15 एप्रिल 1994 रोजी वाफ थांबली आणि डिझेल आले. प्रवाशांचा त्या दिवशी फक्त धूर गेला. शेडमध्ये एक सबंध विद्या बिनकामाची झाली.

माझ्या एका कादंबरीत मी ह्या इंजिनावर दोन पाने खर्च केली होती. पहाटेची शिट्टी, कपाशीच्या पांढऱ्या शेतांवरून तरंगणारा धूर वगैरे. वाचकांना ती पाने आवडली होती, मलाही आवडली होती. त्या इंजिनावर फायरमन असलेले एक वृद्ध गृहस्थ आमच्याच गावात राहतात. त्यांचा नातू माझ्या वर्गात आहे. त्याने ती पाने त्यांना वाचून दाखवली. पुढे चहाच्या टपरीवर गाठ पडली तेव्हा ते म्हणाले,

"मास्तर, तुमी खिडकीत बसले व्हते. मी आगीपुढं उभा व्हतो. तुमाले शिट्टी आठवते, मले फावडं आठवते."

असे म्हणून त्यांनी मनगटावरचा जुना डाग दाखवला. मी पुष्कळ परीक्षणे वाचली आहेत, पण इतके नेमके एकही नाही.

कृतज्ञता कोणाविषयी वाटावी? रोमन तत्त्वज्ञ सेनेका म्हणतो, उपकार हा दिलेल्या वस्तूत नसतो, देणाऱ्याच्या हेतूत असतो. ह्या मापाने कंपनीचे काही देणे लागत नाही. तिला आमचा कापूस हवा होता. इंजिनाचेही लागत नाही. लोखंडाला हेतू कुठला? हिशेब मिटला म्हणायचा. परंतु आपल्याकडे उपकारापेक्षा ऋण हा शब्द जुना आहे, आणि ऋणाला देणाऱ्याचा हेतू विचारण्याची रीत नाही. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण माणूस जन्मतःच घेऊन येतो. कोणी प्रेमाने दिले की सवयीने, ही चौकशी तेथे होत नाही. मिळाले ना, मग लागता. पोळ्याला आपण बैलाला पुरणपोळी चारतो, ती त्याने आवडीने नांगर ओढला म्हणून नव्हे. उलट त्याने नाइलाजाने ओढला, हे आपल्याला ठाऊक असते म्हणूनच.

तरीही मला शंका आहे. बंद शेडपुढे उभे राहून डोळे ओले करणे फार सोपे असते, कारण त्याला पैसा लागत नाही. रुळांतल्या गवताची छायाचित्रे काढणारांत मीही होतो. आठवण काढणे ही फेड आहे, की फेड चुकवण्याची सभ्य तऱ्हा?

मी त्यांना विचारले, "तुम्हाला त्या इंजिनाचा राग येतो का?"

ते जरा विचारात पडले. मग म्हणाले, की चढण्यापूर्वी रोज पायरीला हात लावून तो कपाळाला लावत असत. मी म्हटले, भाजणाऱ्या यंत्राला नमस्कार? तर म्हणाले, "पाय लागते ना तिले."

प्रेमाचा नाही, उपकाराचा नाही. आपला पाय लागणार म्हणून आधीच केलेला नमस्कार. सेनेकाला हा कुठल्या खात्यात घालता आला असता, कोण जाणे. आईची तिफण मला तेव्हा थोडीशी कळली.

आता माझे स्वतःचे देणे सांगतो. लहानपणी मामाकडे जाताना वडील मूर्तिजापूरपर्यंतच्या तिकिटाचे पैसे देत. मी ते कित्येकदा काढले नाही. गाडीत तपासनीस क्वचित येई. पुढे पुढे तर गार्डच उतरून फाटक लावी, मग तिकिटे कोण पाहणार? त्या पैशांची मी मूर्तिजापूरला भजी खाल्ली. ही गोष्ट मी आजवर बायकोलाही सांगितलेली नाही. हे पैसे कोणाचे? कंपनीचे म्हणावे, तर ती आधीच आमचा कापूस घेऊन गेली. सरकारचे म्हणावे, तर गाडीच राहिली नाही. का उन्हाळ्यात आगीपुढे उभ्या असलेल्या त्या माणसाचे?

मी ते त्यांना सांगून टाकले. ते हसतील असे वाटले होते. ते हसले नाहीत, तळहात पुढे करून म्हणाले, "द्या मंग."

मी खिशात हात घातला. पण त्यांनी हात मागे घेतला आणि टपरीवाल्याकडे बोट दाखवले. गरम भजी आली. त्यांनी दोन खाल्ली, उरलेली नातवासाठी कागदात बांधली आणि पैसे मी देतो आहे की नाही, हे पाहत उभे राहिले.