मताचा भाव

वर्धा जिल्ह्यांत ज्याचें बालपण गेलें त्याला ‘भाव’ हा शब्द प्रथम कापसाच्या संबंधांत ऐकूं येतो. माझ्या आजोळीं, हिंगणघाटास, दिवाळीच्या सुमारास ओसरीवर जमणाऱ्या मंडळींचें सारें बोलणें या एका शब्दाभोंवतीं फिरत असे. पुढें महाविद्यालयांत साहित्य शिकवूं लागल्यावर त्याच शब्दाचा दुसरा अर्थ माझ्या उपजीविकेचा विषय झाला. हे दोन अर्थ एकमेकांवर आदळतांना पाहण्याचा प्रसंग मात्र पन्नाशी उलटल्यावर, माझ्याच घरीं, एका क्रिकेटच्या सामन्याच्या निमित्तानें आला.

१३ ऑक्टोबर २०२४ ची रात्र. शारजा येथें भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्या महिला संघांचा विश्वचषकांतील वीस षटकांचा सामना चालू होता. माझी मुलगी आपल्या महाविद्यालयाच्या संघांत गोलंदाजी करते. ती जमिनीवर मांडी घालून बसली होती. माझा भाचा मोबाइल हातांत घेऊन खुर्चीवर होता. भारताला शेवटच्या षटकांत १४ धावा हव्या होत्या. आल्या ४, आणि गडी पडले चार. सामना ९ धावांनीं गेला. त्या षटकांत एक गडी बाद होतांच भाच्यानें आनंदानें मांडीवर थाप मारली. मुलीनें वळून विचारलें, ‘‘दादा, तूं कोणाच्या बाजूचा?’’ तो म्हणाला, ‘‘मी कोणाच्याच बाजूचा नाहीं. मी माझ्या मताच्या बाजूचा.’’

हें उत्तर मला कित्येक दिवस सोडीना.

ज्या वाचकांना हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. ‘आज भारत जिंकेल काय?’ असा प्रश्न मांडावयाचा आणि ‘होय’ व ‘नाहीं’ हीं त्याचीं दोन उत्तरें विक्रीस ठेवावयाचीं. दोहोंच्या किंमतींची बेरीज दहा रुपये. ‘होय’ सहा रुपयांस मिळत असेल तर बाजाराच्या मतें जयाचा संभव शेंकडा साठ समजावा. सामना संपला कीं खऱ्या ठरलेल्या उत्तराच्या धन्यास दहा रुपये मिळतात, दुसऱ्यास कांहीं नाहीं. आणि खेळ चालू असतां मध्येंच तें उत्तर विकतांहि येतें. हरमनप्रीत आणि दीप्ति यांची जोडी जमली असतां भाच्यानें ‘नाहीं’ स्वस्तांत घेऊन ठेवलें होतें. २०२५ च्या ऑगस्टांत संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस मनाई करणारा कायदा केला आणि आपल्याकडील असे बाजार बंद पडले. अमेरिकेंत ते उघडपणें चालतात. दुकान मिटलें, तरी प्रश्न मिटला असें मला वाटत नाहीं.

भाचा जुगारी नव्हे, हें आधीं सांगितलें पाहिजे. तो संख्याशास्त्र शिकलेला, निर्व्यसनी मुलगा आहे. त्याचें म्हणणें असें, कीं फांसे टाकणारा नशिबावर हवाला ठेवतो, आणि आपण अभ्यासावर. घोड्यांच्या शर्यतींत कौशल्याचा भाग प्रधान आहे असें सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं मानलें, तेंहि त्याला पाठ होतें. शिवाय, तोंडानें वाटेल तें बोलणारे पुष्कळ असतात. ज्याला आपल्या मतासाठीं खिशांतून पैसे काढावे लागतात तोच जपून मत बनवितो, आणि अशा हजारों जपून बनविलेल्या मतांची सरासरी कोणाहि एका पंडितापेक्षां सत्याच्या जवळ जाते. यांत तथ्य नाहीं असें मी म्हणणार नाहीं. परीक्षकांच्या सभेंत मीं इतकीं फुकट मतें ऐकलीं आहेत कीं हा युक्तिवाद मला क्षणभर गोडच वाटला.

त्याचा दुसरा मुद्दा मला अधिक बोंचला. ‘‘मामा, पुरुषांच्या सामन्याविषयीं सर्वांनाच सर्व ठाऊक असतें, तेथें भाव सहसा चुकत नाहीं. बायकांच्या सामन्यांत भाव चुकतो, कारण पाहणारे थोडे. अभ्यास करणाराला फायदा तेथेंच.’’ १९७३ सालीं पुण्यास स्त्रियांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली तेव्हां तीन संघ जमले होते. त्या पिढीच्या मुली विनाआरक्षण डब्यांतून प्रवास करीत आणि जमिनीवर अंथरुणें टाकून झोंपत. त्या उपेक्षेचा शेवटचा उरलेला अंश आतां कोणाच्या तरी नफ्याची जागा व्हावा, हें ऐकून मला राग आला. पण राग कोणावर धरावा? २०१७ च्या लॉर्ड्सवरील अंतिम सामन्यापूर्वीं मीं स्वतः स्त्रियांचा एकहि सामना पाहिला नव्हता. त्या दिवशीं २२९ धावांचा पाठलाग करतांना ३ बाद १९१ वरून आपला संघ २१९ वर आटोपला. पूनम राऊतच्या ८६ धावा वायां गेल्या. मीं हळहळ केली आणि पुन्हां विसरून गेलों. भाच्याला त्या साऱ्याजणींचे आंकडे तोंडपाठ होते.

मग त्यांत वावगें काय? मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत एक भेद केला आहे. निर्जीव वस्तूंनीं खेळतात तें द्यूत, आणि सजीव प्राण्यांवर पण लावतात तो समाह्वय. राजानें दोन्ही बंद करावींत असें मनु सांगतो. कौटिल्य अधिक व्यवहारी. त्यानें द्यूताध्यक्ष नेमून जिंकलेल्या रकमेंतून शेंकडा पांच सरकारांत घेण्याची सोय केली. मला मनूच्या शिक्षेशीं कर्तव्य नाहीं. पण तो भेद मोलाचा वाटतो. फांशाला हरण्याजिंकण्याचें सुखदुःख नाहीं. मुलीच्या हातून झेल सुटतो तेव्हां तिचें कांहींतरी सुटतें, आणि तें सुटावें अशी इच्छा करण्याचे मला पैसे मिळत असतात.

भाच्याच्या उत्तरांतील खोंच येथेंच आहे. मत आणि इच्छा या दोन वेगळ्या वस्तु आहेत. वैद्य रोगी वांचणार नाहीं असें मत देतो, आणि तो वांचावा म्हणून रात्र जागतो. त्या वैद्यानें रोग्याच्या मरणावर चार रुपये लावले, तर त्याचें निदान कदाचित् अधिक अचूकहि होईल; पण त्याला आपण घरांत येऊं देणार नाहीं. अठराव्या शतकांत इंग्लंडांत लोक परक्यांच्या आयुष्यावर विमे उतरवून त्यांच्या मरणाची वाट पाहात. ज्याच्या जगण्यांत आपलें हित नाहीं त्याचा विमा उतरविण्यास पार्लमेंटनें १७७४ सालीं बंदी केली. हिंगणघाटचा शेतकरी पीक येण्यापूर्वीं कापसाचा सौदा करी, तेव्हां भाव पडण्याचें भय त्याच्या शेतांत आधींच उभें असे. सौदा तें भय वांटून घेई. न्यूयॉर्कहून मुंबईस येणाऱ्या कापसाच्या आंकड्यांवर पैसे लावणाऱ्याजवळ कापसाचें बोंडहि नसे. मटका त्यांतूनच जन्मला.

‘‘आणि तुमचे म्युच्युअल फंड?’’ भाच्यानें विचारलें. ‘‘एका कंपनीचें बुडणें हा दुसरीचा नफाच ना?’’ मीं म्हटलें कीं माझ्या फंडांत कोणत्या कंपन्या आहेत हें मला ठाऊकहि नसतें, म्हणून कोणाच्या बुडण्याची इच्छा माझ्या मनांत उभी राहात नाहीं. हें उत्तर मला स्वतःलाच पुरतें पटलेलें नाहीं. अज्ञान म्हणजे कांहीं निष्पापपणा नव्हे.

खेळाचा पाहणाऱ्याच्या मनावर काय परिणाम होतो हा प्रश्न वर्ध्यास नवा नाहीं. १९४० च्या डिसेंबरांत मुंबईच्या हिंदु जिमखान्याचें शिष्टमंडळ पंचरंगी सामन्यांविषयीं गांधीजींचा सल्ला घेण्यास येथें आलें होतें. महाविद्यालयांचे किंवा संस्थांचे संघ आपण समजूं शकतों, पण हिंदु, पारशी, मुसलमान असे संघ समजूं शकत नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. कोणाच्या बाजूनें बसावें, हाच तेव्हांचाहि मुद्दा होता. ‘कोणाच्याच बाजूचा नाहीं’ म्हणणारा प्रेक्षक त्यांना भेटला असता तर ते काय म्हणाले असते, कोण जाणे.

पक्ष घेऊन पाहणाराहि प्रतिपक्षाचा गडी पडावा असेंच इच्छितो, ही हरकत माझ्या मुलीनेंच काढली. तें खरें आहे. २ नोव्हेंबर २०२५ रोजीं नवी मुंबईस दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा अंतिम सामना आम्ही तिघेंहि एकत्र पाहात होतों. लॉरा वोल्व्हार्ट बाद व्हावी म्हणून मी मनांतल्या मनांत देव पाण्यांत घातले होते. पण तिचें शतक पुरें होतांच माझ्या मुलीनें टाळ्या वाजविल्या, मग मींहि वाजविल्या. त्या टाळ्यांनीं आमचें कांहींच गेलें नाहीं. ‘नाहीं’ विकत घेतलेल्या माणसाचे हात त्या क्षणीं मोकळे असतात काय?

थोड्याच वेळानें तिनें दीप्तीचा चेंडू उंच मारला. अमनज्योतच्या हातांतून तो एकदां उसळला, पुन्हां उसळला, आणि आम्ही उभे राहिलों. झेल पक्का झाला तेव्हां भाचाहि आमच्यासारखाच ओरडला. मग खालीं बसतां बसतां त्यानें सवयीनें मोबाइल उघडला. त्यावर पाहण्यासारखें कांहीं नव्हतें. ‘‘आतां ‘होय’चा भाव किती असता?’’ तो कोणास उद्देशून म्हणाला कळलें नाहीं. मुलीनें त्याला हातानें खूण करून गप्प केलें. दीप्ति पुढच्या चेंडूसाठीं माघारी वळली होती.