सर्पबंध

पिंजरा हा शब्द उच्चारताच आपल्या मनापुढे आतल्या कैद्याचे चित्र उभे राहते. परंतु पिंजऱ्याला दोन बाजू असतात आणि दोन्ही बाजूंस कोणीतरी असते, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. मोठा साप घरी पाळावयाचा असेल तर त्याच्यासाठी निर्धोक पेटी कशी असावी, हा प्रश्न वरकरणी सुताराचा व काचवाल्याचा वाटतो. थोडा विचार केला म्हणजे तो धर्माधर्माचा आहे असे आढळून येते. कारण निर्धोक म्हणजे कोणाला निर्धोक, हे ठरविल्यावाचून पेटीची लांबीरुंदीदेखील ठरविता येत नाही.

आरंभीच कायद्याची मर्यादा सांगितलेली बरी. आपल्या रानातला नाग वा अजगर हौसेखातर घरी ठेवण्याची मुभा कोणासही नाही. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने भारतीय अजगराला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले असून, त्याला नुसते पकडणे हीदेखील कायद्याच्या परिभाषेत शिकारच होय. प्रश्न उरतो तो परदेशी जातींपुरता. आफ्रिकेतील बॉल पायथनसारखे जे प्राणी ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, ते बाळगणाऱ्याने त्यांची नोंदणी केली पाहिजे, असे २०२२ ची दुरुस्ती आणि तदनुसार झालेले २०२४ चे नियम सांगतात. तेव्हा देवासच्या वा धारच्या एखाद्या तरुणाने असा अजगर रीतसर नोंदवून घरी आणला, तर कायद्याचा पहिला उंबरठा तो ओलांडील. पण खरी परीक्षा त्यानंतरची आहे.

पेटीचा पहिला अर्थ शेजाऱ्याच्या बाजूचा. सापाला हात नाहीत, पण त्याचे सारे अंगच हाताचे काम करते. तो नाकाने रेटून पाहतो, फट शोधतो, आणि डोके शिरले की बहुधा अंगही मागोमाग नेतो. म्हणून झाकण वरून ठेवून चालत नाही. दार समोरून उघडणारे व कुलपाचे असावे लागते, हवेची छिद्रे बारीक व पक्क्या जाळीने बंद केलेली असावी लागतात, आणि तीन मीटरांच्या पुढच्या अजगराचे दार एकट्याने कधीही उघडू नये, असा जाणत्यांचा दंडक आहे. कॅनडातील कॅम्पबेलटन या गावी ऑगस्ट २०१३ मध्ये एक आफ्रिकन रॉक पायथन पिंजऱ्याच्या वरच्या बाजूच्या वायुवाहक नळीत शिरला. नळी खचली, आणि खालच्या खोलीत पाहुणे म्हणून झोपलेली दोन लहान भावंडे प्राणास मुकली. २०१६ मध्ये ज्यूरीने मालकाला फौजदारी आरोपातून मुक्त केले. तथापि न्यायालयात जो आरोप सिद्ध होत नाही, तो सदसद्विवेकबुद्धीपुढे मिटतोच असे नाही. दिवाणी कायद्याची दृष्टी अधिक कठोर आहे. सुटल्यास अनर्थ करील अशी वस्तू जो आपल्या जागेत आणतो, त्याने ती स्वतःच्या जोखमीवर सांभाळावी, हे तत्त्व इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने ‘रायलंड्स विरुद्ध फ्लेचर’ या खटल्यात १८६८ मध्येच मान्य केले. तेथे प्रश्न जलाशयाच्या पाण्याचा होता. पण पाण्याप्रमाणेच सापही फट विसरत नाही.

इ. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ मध्ये देवास थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी कारभारी होता. त्याच्या १९२४ च्या ‘अ पॅसेज टू इंडिया’ या कादंबरीत ताडाच्या सुकलेल्या खोडाला लोक साप समजतात. रज्जूवर सर्पाचा आरोप होतो, हा दृष्टान्त आपल्याकडील कीर्तनांतून सर्वांच्या परिचयाचा आहे. साप पाळणाऱ्याचा धोका नेमका याच्या उलट असतो. पाच वर्षे रोज हाताळलेला अजगर त्याला दोरीसारखा निरुपद्रवी वाटू लागतो. तो सर्पावर रज्जूचा आरोप करतो. भित्र्याचा भ्रम फार तर भुई धोपटवितो. धीट माणसाचा भ्रम कुलूप उघडे ठेवतो. चांगली पेटी ही या दुसऱ्या भ्रमावरील उपाय आहे. आपली सवय काहीही सांगो, आत काय आहे हे ती विसरू देत नाही.

आता पेटीचा दुसरा अर्थ, आतल्या बाजूचा. साप आपल्या शरीराची ऊब स्वतः निर्माण करीत नाही. उन्हातून सावलीत व सावलीतून उन्हात सरकून तो ती राखतो. म्हणून पेटीचे एक टोक बत्तीस अंशांच्या आसपास ऊबदार व दुसरे पाचसहा अंशांनी थंड असावे, दोन्हीकडे दडण्यास जागा असावी, ऊब देणाऱ्या दिव्याला जाळी असावी म्हणजे अंग भाजणार नाही, आणि साऱ्या देहाला सरळ पसरता येईल इतकी लांबी असावी. माळव्यात तर अडचण उलटीच आहे. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, वीज जाते, आणि खिडकीपाशी ठेवलेली काचेची पेटी भट्टी होते. रानातला साप अशा वेळी बिळात उतरतो. पेटीतल्या सापाला उतरावयास बीळ नसते. त्याचे बीळही आपण आणि त्याची सावलीही आपणच.

यावर कोणी म्हणेल की, साप काही माया लावीत नाही, तक्रार करीत नाही. आयते भक्ष्य मिळते, मुंगसाचे भय नाही. मग त्याचे बिघडते काय? आपल्या भाषेत ‘आयत्या बिळावर नागोबा’ अशी म्हणच आहे. परंतु आयते बीळ शोधणारा नागोबा ते स्वतः निवडतो व स्वतः सोडतो. पेटीचा करार एकाच पक्षाने केलेला असतो, आणि ज्या करारावर दुसऱ्या पक्षाची सही नाही, त्याचा सारा भार सही करणाऱ्यावर पडतो. देवस्थानाच्या कारभाराशी ज्यांचा संबंध आहे त्यांना हे नवे नाही. कायद्याने मूर्ती ही व्यक्ती आहे, पण नित्य अज्ञान. म्हणून विश्वस्ताने स्वतःच्या नव्हे, तिच्या हिताने वागले पाहिजे. मूर्ती बोलत नाही म्हणून विश्वस्ताचे दायित्व कमी होत नाही, उलट वाढते. २०१४ च्या ‘नागराजा’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुक्या प्राण्यांविषयी हीच पालकत्वाची भूमिका घेतली.

आपल्या परंपरेत दोन्ही रीती आहेत. गारुड्याची टोपली आहे. तिच्यातला उपाशी नाग दूध पितो तो भक्तीने नव्हे, तहानेने. आणि वारुळाची पूजाही आहे, जेथे आपण त्याच्या दारी जातो. कोकणात व गोव्यात कित्येक घरी मातीचा नाग पुजतात. देवासहून जवळच उज्जयिनीस महाकालाच्या मंदिरातील नागचंद्रेश्वराचे दार वर्षातून एकदा, नागपंचमीसच उघडते. धारच्या भोजशाळा-कमाल मौला या संरक्षित वास्तूत सर्पबंध कोरलेले आहेत. नागाच्या वेटोळ्यांत व्याकरणाची अक्षरे व प्रत्यय बसविलेले. त्या कारागिराने साप कोंडला नाही, सापाच्या वळणात विद्या बांधली. नागाविषयीचा आदर अंतर राखूनही पूर्ण होतो, हे यांतून दिसते.

म्हणून माझे मत असे की, ज्याला नुसते कुतूहल आहे त्याने अजगर आणू नये. ज्याने आणलाच आहे, त्याने तो रानात सोडण्याचे पुण्य जोडू नये. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या दलदलीत पाळीव बर्मी अजगर सुटले व सोडले गेले आणि तेथील सशांचा व रॅकूनांचा संहार झाला. त्याने नोंदणी करावी, पेटी पक्की व प्रशस्त करावी, आणि एक प्रश्न स्वतःस विचारावा: हा जीव वीसतीस वर्षे जगेल, माझ्यामागे या कुलपाची किल्ली कोणाच्या हाती असेल? या प्रश्नाचे उत्तर ज्याच्यापाशी नाही, त्याची पेटी कितीही भक्कम असली तरी ती अपुरीच म्हटली पाहिजे.