सेवाज्येष्ठतेच्या खुर्चीत

शीतलादेवीचे मंदिर, सेंट मायकल चर्च आणि मखदूम शाहबाबांचा दर्गा. पलीकडे कोळीवाडा, रूळ ओलांडले की धारावी. माहीमच्या मराठी शाळेच्या मुख्याध्यापकाला ही वस्ती वाचता यायला हवी, कारण तिची घडणच बदलते आहे. चाळींचा पुनर्विकास होतो, जुनी कुटुंबे डोंबिवली-बदलापूरकडे सरकतात, नव्या इमारतींतली मुले बहुधा इंग्रजी माध्यमात जातात. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकपदे ठरवताना, पदे कमी होतात. मग एप्रिल-मेमध्ये शिक्षक मुले शोधत घरोघर फिरतात. त्या फेरीत मुले मागितली जातात; पालकांना शाळेकडून काय हवे, हे मात्र क्वचितच विचारले जाते. मला वाटते, मुख्याध्यापकाचे खरे कौशल्य त्या न विचारलेल्या प्रश्नातच आहे.

खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी 1977 चा कायदा आणि 1981 ची नियमावली आहे. तिच्यानुसार मुख्याध्यापकपद साधारणपणे सेवाज्येष्ठतेने मिळते. वर्गात उत्तम शिकवणारा माणूस निवृत्तीच्या तोंडावर एकदम यू-डायसची शालेय माहिती, पोषण आहार, इमारत दुरुस्ती आणि संस्थाचालक यांच्या मधोमध येऊन बसतो. ज्येष्ठतेची अट काढा, असे यावर सुचवले जाते. पण ती काढली की संस्थाचालकांच्या मर्जीतल्या माणसांची सोय होईल. कायदा झाला तो अशाच मनमानीला आवर घालायला. अट ठेवावी, तयारी आधी करून घ्यावी, हे बरे.

या तयारीवरचा आक्षेप अधिक जड आहे: परिपत्रकांच्या ओझ्याखाली मुख्याध्यापकाच्या हाती उरतेच काय? बदली, वेतन, मान्यता यांतले फारसे काही नाही, हे खरेच. पण शिक्षणहक्क कायद्याने अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीतही तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे सांगितले आहे. ही समिती कागदावर ठेवायची की तिच्यात मासेविक्रेती आणि घरकाम करणारी आई बोलेल अशा वेळी सभा घ्यायची, हे बहुतांशी मुख्याध्यापकच ठरवतो. घरात मराठी न बोलणाऱ्या मुलाला पहिलीत कोणत्या शिक्षिकेकडे द्यायचे, तेही. त्यासाठी मंत्रालयाची परवानगी लागत नाही. म्हणून आधीची तयारी याच कामांची हवी: पर्यवेक्षक झालेल्या, मुख्याध्यापकपदाच्या वाटेवरच्या शिक्षकाकडे त्याच वर्षापासून पालकसभा सोपवाव्यात, त्याला संस्थेच्या अर्थसंकल्पाच्या बैठकीत बसवावे आणि उन्हाळ्यातल्या त्या फेरीची आखणी त्याने करावी.