दूध न देणाऱ्या गाई



कठोपनिषदाची कथा आपण कीर्तनांतून अनेकदा ऐकली आहे. वाजश्रवसाने सर्वस्वदानाचा यज्ञ मांडला. परंतु दक्षिणेसाठी ज्या गाई काढल्या, त्यांची चारापाणी घेण्याची आणि दूध देण्याची शक्ती संपून गेलेली होती. मोजायला गाय होती, गळ्यात दावे होते, दानाचा विधीही यथासांग होता. नव्हते ते केवळ दूध. मंडपात ज्ञाते पुष्कळ असतील, पण ही गोष्ट ज्याच्या मनाला टोचली तो यजमानाचा कोवळा मुलगा नचिकेता होता. आणि काटकसर बापाने केली, तरी यमाच्या दारी जावे लागले ते त्या मुलालाच. कथेतील हे मर्म आज आपण आपल्या घरच्या भिंतीवर पडताळून पाहू.

भिंतीवरच्या विजेच्या सॉकेटला तीन छिद्रे असतात. खालच्या दोहोंनी दिवा लागतो, पंखा फिरतो, इस्त्री तापते. वरचे मोठे छिद्र कशासाठी, हे आपल्यापैकी कितीजण विचारतात? त्याच्यामागे हिरवी तार असावी लागते, आणि ती तार अंगणातील अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत अखंड गेलेली असावी लागते. पंपाच्या किंवा इस्त्रीच्या आत तारेचे वेष्टन झिजून वीज लोखंडी अंगावर उतरली, तर तिला माणसाच्या देहातून जाऊ न देता जमिनीत उतरविणारी वाट हीच. पण कितीएक घरांत छिद्र आहे आणि मागे तार नाही. किंवा तार आहे आणि ती कोठेच पोहोचत नाही. दिसायला गाय आहे, दूध नाही. आणि या उणिवेची झळ काम करणाऱ्याला लागत नाही, करविणाऱ्यालाही बहुधा लागत नाही. ओल्या पावलांनी पंपाचे बटण दाबणारी सून किंवा उघड्या तारेशी खेळणारे लेकरू, यांना ती लागते.

आपल्या सत्तरीत या विषयाला विशेष महत्त्व आहे. गोवा 1961 साली मुक्त झाला, आणि खेड्यापाड्यांच्या घरांत वीज पोहोचली ती त्यानंतर. मातीच्या व चिऱ्याच्या भिंती, चार महिने न थांबणारा पाऊस, कुळागरात ओलीत चालणारे पंप, अशा परिस्थितीत वीज नांदते आहे. त्यातून आपली जमीन जांभ्याची. पावसाळ्यात ती भिजलेली असते, पण उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होऊन विजेला सहजी वाट देत नाही. म्हणून येथे अर्थिंगचा खड्डा खोल घ्यावा लागतो, त्यात कोळसा व मीठ घालावे लागते, वेळोवेळी पाणी सोडावे लागते. खर्च वाढतो तो येथे. आणि यजमानाचा हात आखडतो तोही येथेच.

कोणी म्हणेल, फ्यूज आहे ना! फ्यूज तारेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. सहा अँपियरचा फ्यूज म्हणजे सहा हजार मिलिअँपियर. माणसाच्या हृदयातून शंभर मिलिअँपियर क्षणभर गेले तरी प्राणावर बेतू शकते; तेवढ्याने फ्यूजला जागही येत नाही. म्हणून आता आर.सी.सी.बी. नावाचे उपकरण बसवितात. घरात गेलेली वीज आणि घरातून परतलेली वीज यांचा हिशेब ते अखंड ताडून पाहते. तीस मिलिअँपियरची तूट आढळताच सेकंदाच्या अंशात प्रवाह तोडते. चित्रगुप्ताची वही मृत्यूनंतर उघडते म्हणतात. ही वही मृत्यूपूर्वी उघडते.

1956 चे भारतीय विद्युत नियम, 2003 चा विद्युत कायदा, त्याखाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने 2010 साली व पुन्हा 2023 साली केलेले सुरक्षानियम, या साऱ्यांचा हेतू हाच आहे. काम परवानाधारकाने करावे आणि तपासून स्वाक्षरी करावी, असे हे नियम सांगतात. एखाद्याने घर न पाहता केवळ स्वाक्षरी दिली, तर ती स्वाक्षरीही दूध न देणारी गायच होय.

परंतु सज्जनहो, नियम सांगणे सोपे आहे. वायरमनच्या जागी उभे राहून पाहा. समोर मोलमजुरी करणारे कुटुंब आहे. पावसाआधी दोन दिवे लागावेत एवढीच त्यांची इच्छा. नियमाप्रमाणे खर्च सांगितला तर घरधनी म्हणतो, "एवढे आम्हांला कोठून परवडणार? दिवा लागला म्हणजे झाले." वायरमनने मान डोलावली तर धर्म बुडाला. नकार देऊन तो निघून गेला, तर संध्याकाळी दुसरा कोणी येऊन अधिक वाईट काम करून जातो. धर्म तेव्हाही तरत नाही. आणि ही अडचण पाहून नियमांचा बागुलबोवा दाखवीत गरज नसलेला माल गळ्यात मारणारेही असतात. मग मार्ग कोणता?

हा मार्ग मला एका वायरमननेच दाखविला. काही वर्षांपूर्वी आमच्या घराची दुरुस्ती निघाली. खर्चाचा कागद पाहून मी त्याला म्हटले, "खड्डा आणि ते उपकरण तेवढे वगळ." तो नम्रपणे म्हणाला, "बुवा, तेवढे सोडून काम मी करीत नाही." मला राग आला. पन्नास दिव्यांच्या आरतीला उदार होणारा मी, दुसऱ्या माणसाकडून स्वस्तात काम उरकून घेतले. पुढच्याच आषाढात माझ्या सुनेचा ओला हात पंपाला लागला आणि ती दूर फेकली गेली. ईश्वरकृपेने वाचली, परंतु कितीतरी दिवस मला तिच्या डोळ्यांकडे पाहवत नव्हते. शेवटी त्या पहिल्याच माणसाला बोलाविले. तो दोष देईल अशी माझी अपेक्षा होती. तो म्हणाला, "चूक माझीही होती, बुवा. मी नाही म्हणालो आणि गेलो. दिवे कमी घाला, एवढे सांगायचे राहूनच गेले."

या एका वाक्यात मला अनेक ग्रंथांचे सार सापडले. दिवे कमी घाला. दहा पॉइंट परवडत नसतील तर चार घ्या. पण त्या चारांना पुरती तार, हिरवी तार, खड्डा आणि आर.सी.सी.बी. असू द्या. भिंत फोडून नळी लपविण्याचे कारण नाही, वरून पट्टी मारली तरी चालते. शोभेची बटणे पुढच्या वर्षी घेता येतील. हिरवी तार मात्र पुढच्या वर्षावर टाकू नये, कारण मागाहून ती ओढायची म्हणजे केलेले काम पुन्हा उकलावे लागते. काम थोडे असावे, पण खरे असावे. यमाने नचिकेत्याला श्रेय आणि प्रेय यांचा जो भेद सांगितला, तो येथे किती स्पष्ट दिसतो! झगमगाट हे प्रेय. जमिनीत गाडलेला, कोणाला न दिसणारा खड्डा हे श्रेय. वायरमनने ही निवड यजमानापुढे शांतपणे, न घाबरविता मांडावी. खरे आणि हितकर असे बोलणे हे गीतेने वाणीचे तप म्हटले आहे; त्याच्या धंद्यातील तप ते हेच.

आणि एवढे करूनही ज्याला परवडत नाही, त्याचे काय? तेथे वायरमनचा धर्म संपतो आणि आपला सुरू होतो. देवळांतून ट्यूबलाइटवर, पंख्यावर, पायरीच्या संगमरवरावर दात्यांची नावे आपण वाचतो. अर्थिंगच्या खड्ड्यावर कोणाचे नाव लिहिलेले मी अद्याप पाहिले नाही. शेजारच्या गरिबाच्या घरी तो खड्डा गुप्तपणे खणून देणे, हे दीपदानाहून किंचितही उणे नाही. जत्रेच्या रोषणाईत एक माळ कमी लावली तर देवाच्या वैभवात काय उणे पडणार आहे? आणि ज्या माळा लावू, त्यांच्या तारा भक्तांच्या ओल्या पावलांखालून जात नाहीत ना, हे पाहणे हीदेखील पूजाच समजावी.

आज घरी गेल्यावर एक करा. भिंतीवरच्या सॉकेटपाशी उभे राहा आणि जाणत्या माणसाला विचारा, "या वरच्या छिद्रामागे तार आहे का, आणि ती कोठे जाते?" नचिकेत्याने बापाला विचारले, तेच हे विचारणे आहे. आपल्या लेकराला ते विचारण्याची पाळी येऊ नये.

सर्वांच्या घरचा दीप सुखरूप तेवत राहो, ही श्रीचरणी प्रार्थना.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥