शेळी आणि हप्ता

'उंटावरून शेळ्या हाकणे' हा वाक्प्रचार ज्याने काढला, त्याने कुठल्या तरी बँकेच्या कर्जविभागात नोकरी केलेली असणार, असा माझा दाट संशय आहे. दहा शेळ्या आणि एक बोकड असा गट करून लोक कर्ज मागतात. ती शेळी आम्ही पाहतो फोटोत, कानातल्या बिल्ल्यासकट. पण तिच्या भविष्याबद्दल आमच्याइतकी खात्री ज्योतिषालाही नसते. शेळी दोन वर्षांत तीनदा विणार, जमल्यास जुळी देणार, आणि कर्जदार हप्ते भरणार! शेळीची सही मात्र कुठेच नसते.

हिशेब कागदावर चोख बसतो. पाच महिने गाभणकाळ, दोन-तीन महिने करडांचं पिणं, आठव्या महिन्यात पुन्हा पहिलं पान. प्रत्यक्षात शेळी माजावर येते साधारण दर २१ दिवसांनी, तीही एखाद-दीड दिवस. आणि तो दिवस मालकीण भाचीच्या लग्नाला गेली असताना उजाडतो. हुकला की पुन्हा तीन आठवडे वाट पाहा. इकडे व्याज काही लग्नाला जात नाही.

यावर शास्त्राने तोड काढली आहे. संप्रेरकाच्या, म्हणजे हार्मोनच्या, औषधात भिजवलेला छोटा स्पंज शेळीच्या योनिमार्गात ठेवायचा. त्यामुळे शरीराची समजूत अशी होते, की आपण जणू गाभणच आहोत. ते माज रोखून धरतं. ११ ते १४ दिवसांनी दोरी ओढून स्पंज काढायचा, एक इंजेक्शन द्यायचं, की दोनेक दिवसांत बहुतेक कळप एकदम माजावर. एक तारखेला पेन्शनरांची रांग लागते ना, तशी! ज्या तत्त्वावर माणसांची पाळणा लांबवणारी गोळी चालते, त्याच तत्त्वावर शेळीचा पाळणा वेळेवर हलतो. लाल त्रिकोणाच्या भिंती बघत लहानाच्या मोठ्या झालेल्या माणसाला ही गंमत वाटणारच.

आता हे योग्य की अयोग्य? आमच्याकडे डबा खाताना हा विषय निघाला, तेव्हा एक सहकारी ठामपणे म्हणाले, "हे निसर्गाच्या विरुद्ध आहे." एवढं बोलून त्यांनी चष्मा पुसला, कवळी नीट बसवली आणि रक्तदाबाची गोळी घेतली. निसर्गाचा मुद्दा मला कधीच पटलेला नाही. दहा हजार वर्षांपूर्वी माणसाने शेळी दावणीला बांधली, तेव्हाच निसर्गाने हात टेकले. शिवाय बोकड तरी दुसरं काय करतो? काही आठवडे दूर ठेवलेला बोकड अचानक कळपात आणला, तर थंडावलेल्या शेळ्याही माजावर येऊ लागतात. त्याच्या वासातलं एक द्रव्य शेळीच्या मेंदूतलं प्रजननाचं चक्र हलवतं, हे २०१४ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिलं. म्हणजे बोकड हा स्पंजचा चालताबोलता पर्यायच. फक्त फ्रिजमध्ये ठेवता येत नाही.

मला अडवतात ते गांधीजी. त्यांनी १९१२ साली दूध सोडलं. कलकत्त्याकडे गाईम्हशींवर चालणाऱ्या 'फुंका' प्रकाराने त्यांचं मन विटलं होतं. जनावराच्या योनिमार्गात हवा फुंकून पान्हा सोडवायचा, असा तो ओंगळ उद्योग. त्या फुंकण्याने शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटतं, हे आज आपल्याला ठाऊक आहे. पुढे दुखण्यात कस्तुरबांनी सुचवलं, की व्रत घेताना मनात गाय-म्हैस होती, शेळी कुठे होती? १९१९ मध्ये ते शेळीचं दूध प्यायले, आणि अक्षर पाळलं पण आत्मा मारला, ही खंत त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवली. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्यात फुंका आणि दूध वाढवण्यासाठी दिलेलं अपायकारक इंजेक्शन एकाच कलमात बसवलंय. कायदा दुधापाशी थांबतो; स्पंज त्यात येत नाही. पण प्रश्न तोच नाही का, की जनावराच्या शरीरातली खुंटी कुणासाठी पिरगाळायची आणि किती?

कुणासाठी, याचं उत्तर सोपं नाही. चार शेळ्यांच्या मालकिणीला एकाच वयाची आठ करडं मिळाली, तर व्यापाऱ्याशी घासाघीस करताना तिच्या आवाजात जोर येतो. बकरी ईदला वर्षाचा बोकड लागतो. म्हणजे १७ महिने आधी शेळी गाभण हवी, आणि ईद तर दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते. हे गणित ज्या बाईला जमलं, तिच्या मुलीची फी भरली जाते. तिला 'निसर्गाकडे परत जा' सांगायला मी तरी जाणार नाही.

पण किती, याचं उत्तर शेळीच देते. इंजेक्शनाचा डोस जरा सढळ झाला, की तीन-चार करडं पोटात. सड दोनच! उन्हाळ्यात पाला नाही, आईच्या बरगड्या मोजून घ्याव्यात, आणि तिसरं करडू नुसतं ढुसण्या देत बसतं. तेच इंजेक्शन पुन्हापुन्हा दिलं, तर शेळीचं रक्त त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करतं आणि औषध दाद देईनासं होतं. (तिसऱ्या नोटिशीनंतर आमच्या थकबाकीदारांचंही असंच होतं.) आणि ते इंजेक्शन येतं कुठून? गाभण घोडीच्या रक्तातून. आइसलँड, उरुग्वे, अर्जेंटिना इथे त्यासाठी घोड्या पाळून त्यांचं रक्त काढतात, आणि तिथल्या हालांवरून बराच गदारोळ झाला आहे. फुंका निदान डोळ्यांदेखत तरी चालायचा. दूरदेशीची घोडी आमच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. मला सगळ्यात जास्त टोचते ती हीच.

म्हणून मी एक साधा उपाय वर लिहून पाठवला. पीककर्जाची मुदत आपण सुगी पाहून ठरवतो. मग शेळीचा हप्ता तिच्या वेतावर, आठ-आठ महिन्यांनी का नसावा? शेळी जिथल्या तिथे राहील, सरकेल तो हप्ता. उत्तर तीन आठवड्यांत, म्हणजे शेळीच्या नियमाने, आलं. कॉम्प्युटरमध्ये मासिक, तिमाही, सहामाही आणि वार्षिक एवढेच पर्याय आहेत; आठमाही नाही. सबब, शेळी सहामाही करता येईल काय, याबाबत पशुवैद्यांचा अभिप्राय घेऊन कळवावे.